कापलेल्या टक्क्याचा मालक कोण?

पावसाळा ओसरला आणि चतुर्थीची धामधूम संपली की, आमच्या किनारपट्टीवर कामांची एकच झुंबड उडते. हॉटेलांच्या भिंतींवर नवा रंग चढतो, दुकानांची गळकी छपरे दुरुस्त होतात, पुढे जत्रांचे दिवस आले की मंडपवाल्यांना उसंत मिळत नाही. गवंडी, रंगारी, सुतार, नळकाम करणारा, विजेच्या तारा ओढणारा आणि माल वाहून आणणारा ट्रकवाला अशा सर्वांची वर्षाची बेगमी याच काही महिन्यांत व्हायची असते. अशाच एखाद्या रंगाऱ्याचे काम पुरे होते, बिल नव्वद हजारांचे होते, आणि हाती पडतात ८९,१०० रुपये. उरलेल्या नऊशेंविषयी विचारणा केली तर ‘ते टीडीएसमध्ये गेले’ एवढेच उत्तर त्याला मिळते. सरकारचा कर चुकता झाला आणि आपण मोकळे झालो, अशी रंगाऱ्याची समजूत होते. आपण कापायचे ते कापले, आता आपले कर्तव्य संपले, अशी शेटची समजूत असते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्या दोहोंच्या फटीत दरवर्षी कितीतरी गरिबांचे पैसे अडकून पडतात. म्हणूनच वरवर रुक्ष वाटणाऱ्या या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते.

आयकराचा १९६१ चा कायदा १ एप्रिल १९६२ रोजी देशात अमलात आला. गोव्यात तो पोहोचला मुक्तीनंतर, १ एप्रिल १९६३ पासून. कंत्राटदाराला पैसे देतानाच त्यातून कर कापून ठेवण्याची तरतूद मात्र मूळ कायद्यात नव्हती. ती १९७२ साली १९४-सी या कलमाने आली. प्रारंभी तिचा भार सरकार, स्थानिक संस्था, महामंडळे, कंपन्या आणि सहकारी संस्था अशा मोठ्या देणेकऱ्यांवर होता. पुढे तिचा घेर वाढत गेला आणि २००७ पासून मोठी उलाढाल असलेला एकेकटा व्यापारीही आपल्या कंत्राटदाराच्या बाबतीत तिच्या कक्षेत आला. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा आयकर कायदा घेतो. त्यात करकपातीच्या विखुरलेल्या कलमांची मोट ३९३ क्रमांकाच्या एका कलमात बांधलेली आहे. कलमांचे आकडे बदलले तरी व्यापाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे मात्र तेच राहिले आहे.

हे ओझे नेमके कोणावर आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल आणि आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटी रुपयांच्या वर असेल, तर त्या मालकाने कर कापला पाहिजे. वकील, डॉक्टर यांसारख्या व्यावसायिकांसाठी ही मर्यादा पन्नास लाखांची आहे. भागीदारीच्या पेढीला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. याचा परिणाम असा होतो की, वडिलांच्या पश्चात दोन भावांनी भागीदारीत चालविलेल्या चाळीस लाखांच्या दुकानावर करकपातीचे बंधन येते, आणि शेजारच्या नव्वद लाखांच्या एकखांबी दुकानावर ते येत नाही! त्याहूनही अपरिचित गोष्ट अशी की, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली मंडळे, क्लब, शिक्षणसंस्था आणि सार्वजनिक न्यास हेही उलाढालीचा विचार न करता या बंधनात येतात. उत्सवासाठी मंडपवाल्याला लाखाचे काम देणाऱ्या नोंदणीकृत मंडळाच्या खजिनदाराला आपण ‘कर कापणारे’ आहोत याची जाणीव किती ठिकाणी असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. उलट, एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःच्या राहत्या घराला रंग दिला तर या तरतुदीनुसार कर कापावयाचा नसतो, कारण ते खासगी काम असते.

मर्यादेचे गणितही नीट समजून घेतले पाहिजे. एका वेळची रक्कम तीस हजारांहून अधिक असेल, किंवा वर्षभरात त्याच कंत्राटदाराला दिलेली एकूण रक्कम एक लाखाहून अधिक होत असेल, तर कपात करावी लागते. कंत्राटदार एकटा इसम किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर शेकडा एक, आणि पेढी किंवा कंपनी असेल तर शेकडा दोन, असे दर आहेत. अठ्ठावीस हजारांची तीन बिले काही न कापता दिली गेली आणि चौथ्या तशाच बिलाने बेरीज एक लाख बारा हजार झाली, तर कपात केवळ चौथ्या बिलावर होत नाही. ती सगळ्या रकमेवर, म्हणजे ११२० रुपये, व्हावयास हवी. कामाआधी आगाऊ पैसे दिले तरी कपातीची वेळ तीच होय. बिलात वस्तू व सेवा कर वेगळा दाखविला असेल तर मात्र तो वगळून उरलेल्या रकमेवरच कापावे, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ साली स्पष्ट केलेले आहे.

‘काम’ म्हणजे काय, हाही वादाचा विषय. इमारतीची डागडुजी, मजूर पुरविणे, जाहिरात, जेवणावळीचे कंत्राट, रेल्वेखेरीज अन्य वाहनाने माल वा माणसे नेणे, हे सारे त्यात येते. छापखान्याचे उदाहरण घ्या. गिऱ्हाइकाने आपला कागद पुरवून पत्रिका छापून घेतल्या तर ते काम ठरते आणि कपात होते. छापखान्याने स्वतःचा कागद वापरून त्या छापून दिल्या तर ती विक्री समजली जाते आणि या कलमाखाली कपात होत नाही. ट्रकवाल्यांचीही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खाणपट्ट्यात एकेक, दोनदोन ट्रक बाळगून संसार चालविणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि २०१२ व २०१८ सालच्या खाणबंदीने त्यांची काय दशा झाली ते गोमंतकीयांना सांगावयास नको. १ जून २०१५ पासूनच्या नियमाप्रमाणे वर्षभरात कधीही दहाहून अधिक मालवाहू वाहने नसलेल्या वाहतूकदाराने तसे लेखी निवेदन आणि आपला पॅन क्रमांक दिला, तर त्याचे भाडे कपातीविना द्यावयाचे असते. मात्र पैसे देणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात त्या रकमेची नोंद केलीच पाहिजे. कापले नाही म्हणून कळवावयाचेही नाही, अशी सोय कायद्यात नाही.

येथेच आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कर कापणे हे अर्धेच काम आहे. खरे काम त्यानंतर सुरू होते. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत सरकारी खजिन्यात भरावयाची असते. मार्चमधल्या कपातीला तेवढी ३० एप्रिलपर्यंत मुभा आहे. मग दर तिमाहीचे विवरणपत्र ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांपर्यंत सादर करावयाचे. जुन्या कायद्याखाली व्यापारी ज्याला ‘२६-क्यू’ म्हणून ओळखत आले ते हेच. त्यात प्रत्येक कंत्राटदाराचा पॅन क्रमांक, दिलेली रक्कम, कापलेली रक्कम आणि भरण्याचे तपशील असतात. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत कंत्राटदाराला कपातीचा दाखला द्यावयाचा. ही शेवटची दोन पावले पडली नाहीत, किंवा वाकडी पडली, तर खजिन्यात जमा झालेले पैसेही बेवारशी होतात. पॅनमधले एक अक्षर चुकले तर रंगाऱ्याचे नऊशे रुपये दुसऱ्याच कोणाच्या नावे लागतात, किंवा कोणाच्याच नावे लागत नाहीत.

आणि हे पैसे कोणाचे? सरकारचे? अजून नव्हेत. शेटचे? मुळीच नव्हेत. ते त्या रंगाऱ्याचे आहेत. कपात हा अंतिम कर नव्हे. वर्षअखेर रंगाऱ्याला जो कर द्यावा लागेल त्यापोटी आधीच ठेवलेली ती रक्कम आहे. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वर्षभरात सहा लाखांची कामे करणाऱ्या गवंड्याकडून सहा हजार रुपये कापले गेले असे समजा. मजुरी, सिमेंट, वाळू, भाडे वजा जाता त्याच्या हाती तीन लाख उरले. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ठरविलेल्या नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि सवलतीचा हिशेब धरता बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरही नेहमीच्या दराने प्रत्यक्ष काही द्यावे लागत नाही. म्हणजे या गवंड्याचा कर शून्य, आणि सहाच्या सहा हजार त्याला परत मिळावयास हवेत. लहान धंदेवाइकांसाठी अंदाजित नफ्याची सोपी पद्धतही कायद्यात आहे. तिच्यानुसार जमाखर्चाच्या वह्यांचा व्याप न करता रोख जमेच्या किमान आठ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या जमेच्या किमान सहा टक्के नफा दाखविता येतो. परंतु परतावा आपल्या पायांनी चालत घरी येत नाही. त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. ‘आमचे उत्पन्नच करपात्र नाही, मग विवरणपत्र कशाला?’ असे म्हणणारा गवंडी स्वतःचे सहा हजार स्वतःच्या हाताने सरकारला सोडून देत असतो. ज्याच्यावर कराचा एक पैसाही निघत नाही त्याच्याकडून प्रत्यक्षात शेकडा एक कर वसूल व्हावा, हा न्याय नव्हे.

गोव्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो देशातील बहुतेक कर सल्लागारांच्या नजरेतून सुटतो. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला विवाहाचा कायदा अजून चालू आहे, आणि त्याखालील सामायिक मालमत्तेच्या व्यवस्थेत पती व पत्नी यांचा निम्मा निम्मा वाटा असतो. आयकर कायद्याने ही वस्तुस्थिती मान्य केली आहे. १९९४ च्या वित्त कायद्याने ५-ए हे कलम घातले, आणि ते १ एप्रिल १९६३ पासूनच लागू असल्याचे ठरविले. पगार सोडून बाकी सर्व प्रकारचे उत्पन्न पतिपत्नींमध्ये समसमान वाटून दोघांच्या नावे आकारावे, असा त्याचा आशय. २०२५ च्या कायद्यातही ही व्यवस्था ठेवलेली आहे. आता वरचा गवंडी गोव्यातला आणि या व्यवस्थेखाली विवाहित असेल, तर त्याच्या तीन लाखांपैकी दीड लाख त्याच्या पत्नीचे ठरतात. कपात मात्र सगळी त्याच्या एकट्याच्या पॅनवर नोंदलेली असते. त्यामुळे सहा हजारांपैकी तीन हजारांचे श्रेय पत्नीच्या विवरणपत्रात मागावे लागते, आणि पतीच्या विवरणपत्रात तसा उल्लेख करावा लागतो. पत्नीचा पॅनच काढलेला नसेल, किंवा तिचे विवरणपत्रच भरले नसेल, तर तिच्या वाट्याचे तीन हजार कोण मागणार? घरात बसून संसाराचा गाडा ओढणाऱ्या गृहिणीला कायद्याने अर्धा हक्क दिला, पण तो कागदावरून तिच्या पदरात पडावयाचा तर तिला आपल्या नावाने एक अर्ज भरावा लागतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आता पैसे देणाऱ्याच्या बाजूकडे वळू. व्यापाऱ्याने कापून ठेवलेले पैसे हे त्याच्याकडे आलेली दुसऱ्याची ठेव होय. ती गल्ल्यात मिसळून मालाच्या खरेदीत गुंतवणे, मंदीच्या महिन्यात तिच्यावर वेळ भागवणे, आणि ‘मार्चअखेर भरू’ म्हणून पुढे ढकलणे, हे प्रकार सर्रास घडतात असे कोणीही जाणता हिशेबनीस सांगेल. यात व्यापाऱ्याला आपण सरकारचे पैसे थोडे लांबविले असे वाटते. वस्तुतः तो रंगाऱ्याचे पैसे वापरत असतो. कापलेला कर भरला नाही तर त्याचे परिणाम कंत्राटदाराने भोगू नयेत, म्हणून १९६१ च्या कायद्यात २०५ हे कलम होते. ज्याच्याकडून कर कापला गेला आहे त्याच्याकडून तेवढा कर पुन्हा मागता येणार नाही, असे ते बजावीत होते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी आणि पुन्हा ११ मार्च २०१६ रोजी अधिकाऱ्यांना हीच गोष्ट लिहून कळविली. एकच सूचना नऊ महिन्यांत दोनदा द्यावी लागते, यातच व्यवहारात काय चालते याचे उत्तर आहे. संगणकाला २०५ कलम वाचता येत नाही. त्याच्यापुढे नोंद असेल तर श्रेय मिळते, आणि नोंद नसेल तर मागणीची नोटीस निघते. हाती दाखला नसलेला, बिलाची प्रतही न जपलेला कारागीर या संगणकाशी कसा भांडणार?

तथापि, सर्व दोष व्यापाऱ्याच्या माथी मारून सरकारने हात झटकावे, हे आम्हांस मान्य नाही. कर गोळा करणे हे सरकारचे काम. ते त्याने व्यापाऱ्यावर सोपविले, त्याबद्दल कवडीचाही मोबदला ठेवला नाही, आणि चूक झाली तर शिक्षा मात्र अशी ठेवली की ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ म्हणण्याची पाळी यावी. २० एप्रिलला कापलेले नऊशे रुपये ७ मेऐवजी ८ मे रोजी भरले, तर उशीर झाला एका दिवसाचा. व्याज मात्र महिन्याला दीड टक्का या दराने आणि महिन्याचा अंश म्हणजे पूर्ण महिना या न्यायाने एप्रिल व मे अशा दोन महिन्यांचे, शेकडा तीन. रक्कम सत्तावीस रुपयांची. पण तेवढ्यासाठी नोटीस येते, सल्लागाराकडे खेप पडते आणि विवरणपत्र दुरुस्त करावे लागते. तिमाही विवरणपत्राला उशीर झाल्यास दिवसाला दोनशे रुपये शुल्क. ते कापलेल्या कराच्या रकमेहून अधिक घेता येत नाही हे खरे, पण याचा अर्थ लहान रकमेच्या बाबतीत थोड्याच दिवसांत भुर्दंड कराइतकाच होतो. नऊशे रुपयांच्या बाबतीत त्याला पाच दिवस पुरतात.

कर कापलाच नाही तर खर्चाच्या तीस टक्के रक्कम नफ्यात धरली जाते. दोन लाखांचे काम देऊन दोन हजार कापावयास विसरलेल्या भागीदारी पेढीच्या नफ्यात अशा प्रकारे साठ हजारांची भर पडते, आणि पेढीच्या तीस टक्के दराने त्यावर अठरा हजारांचा कर बसतो. कंत्राटदाराने ती रक्कम आपल्या विवरणपत्रात दाखवून कर भरला असल्याचा सनदी लेखापालाचा दाखला आणला तर यातून सुटका आहे. पण विवरणपत्रच न भरणाऱ्या गवंड्याकडून तो दाखला मिळणार कुठून? कापलेला कर न भरल्याबद्दल जुन्या कायद्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची तरतूद होती. लबाडीने परक्याचा पैसा गिळणारा आणि तारीख चुकलेला भोळा दुकानदार यांना एकाच तागडीत तोलणारी ही दृष्टी होती. तिमाही विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरणा झाल्यास खटला नाही, अशी सवलत २०२४ साली आली, हे स्वागतार्हच. पण शहाणपण सुचावयास उशीर झाला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

त्यातच पॅन आणि आधार यांच्या जोडणीचे त्रांगडे. जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेला पॅन निष्क्रिय ठरतो, आणि निष्क्रिय पॅन म्हणजे पॅन नसल्यासारखाच. अशा कंत्राटदाराच्या बिलातून एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापावे लागतात. रंगाऱ्याने पॅनची प्रत दिली, शेटने विश्वासाने एक टक्का कापला, आणि काही महिन्यांनी उरलेल्या एकोणीस टक्क्यांची मागणी शेटच्या दारी आली, तर दोष कोणाचा? नव्वद हजारांच्या बिलावर ही रक्कम सतरा हजार शंभर होते. ज्याच्याकडून ती वसूल करावयाची तो रंगारी तोवर दुसऱ्या गावच्या कामावर गेलेला असतो.

या कपातीला आमचा तत्त्वतः विरोध नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कंत्राटांच्या व्यवहारात पूर्वी अमाप पैसा कोणाच्याही नोंदीविना फिरत असे. लाखो रुपयांची सरकारी कामे करून कराचा पैसाही न देणारे महाभाग होते, आणि त्यांना चाप लावण्यास एक टक्क्याची ही खूण उपयोगी पडली. पगारदाराचा कर त्याच्या हाती पैसे पडण्यापूर्वीच जातो. मग मोठ्या कंत्राटदाराने मोकळे का राहावे, हा प्रश्न रास्त आहे. लहान कारागिरालाही या नोंदींचा लाभ होऊ शकतो. बँकेत कर्ज मागताना वर्षावर्षाची कामे आणि उत्पन्न दाखविणारा सरकारी पुरावा त्याच्या हाती येतो. आमची तक्रार आहे ती प्रमाणाविषयी. मोठ्या माशांसाठी विणलेल्या जाळ्यात चिंगळ्या अडकाव्यात आणि माशांनी पळून जावे, असे होऊ नये.

म्हणून काही गोष्टी आम्ही आग्रहाने मांडू इच्छितो. पहिली गोष्ट मर्यादेची. एका बिलाची तीस हजारांची मर्यादा जुलै २०१० मधली, आणि वर्षाची एक लाखाची मर्यादा जून २०१६ मधली. त्यानंतर सिमेंट, रंग, मजुरी यांचे भाव कोठल्या कोठे गेले. २०२५ च्या अर्थसंकल्पाने व्यावसायिक शुल्कावरील कपातीची मर्यादा तीस हजारांवरून पन्नास हजारांवर नेली, भाड्याचीही मर्यादा वाढविली. पण कंत्राटदाराच्या तीस हजारांना हात लावला नाही. सल्लागाराच्या शुल्काला जी महागाई दिसते ती गवंड्याच्या बिलाला का दिसू नये? दुसरी गोष्ट भागीदारी पेढ्यांची. एकट्या मालकाला जी एक कोटीची सवलत आहे तीच लहान पेढ्यांना आणि नोंदणीकृत मंडळांना द्यावी. तिसरी गोष्ट अशी की, ज्यांची वर्षाची एकूण कपातच काही हजारांची आहे त्यांना चार विवरणपत्रांऐवजी वर्षाला एकच भरू द्यावे. आणि चौथी, जी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: कापणाऱ्याने पैसे भरले नाहीत तर वसुलीसाठी सरकारने त्याच्या मागे लागावे. दाखला किंवा कापून दिलेल्या बिलाची बँकनोंद दाखविणाऱ्या कारागिराचे श्रेय अडवू नये.

आयकर खात्याने तालुक्यातालुक्यांतून, म्हापसा, फोंडा, मडगाव, काणकोण, सांगे अशा ठिकाणी, मराठीतून आणि कोकणीतून मार्गदर्शनाचे वर्ग भरवावेत. १९०८ पासून गोव्यातील व्यापाराची धुरा वाहणाऱ्या गोवा चेंबरसारख्या संस्थेनेही आपल्या सभासदांपलीकडे पाहून त्यांच्याकडे राबणाऱ्या कारागिरांसाठी वर्षातून एक दिवस ठेवला, तर तो तिच्या लौकिकाला शोभेल. पण सरकार जागे होईपर्यंत व्यापाऱ्यांनी वाट पाहण्याचे कारण नाही. काम देण्यापूर्वी पॅन मागून घ्यावा आणि तो चालू आहे की नाही हे तपासून पाहावे. कापलेला पैसा गल्ल्यात न मिसळता बाजूला ठेवावा. तिमाही संपली की दाखला स्वतः होऊन कारागिराच्या हाती द्यावा. तो मागेल तेव्हा पाहू, असे म्हणू नये, कारण त्याला मागावयाचे असते हेच ठाऊक नसते. आणि कारागिरांनीही बिलाची प्रत जपावी, आपल्या पॅनवर काय जमा झाले ते वर्षातून निदान चार वेळा कोणा जाणत्याकडून पाहून घ्यावे, आणि विवरणपत्र भरून आपला परतावा मागावा.

आमच्या समाजात देवाच्या पेटीतल्या पैशाला कोणी हात लावीत नाही. तो आपला नव्हे ही जाणीव त्यामागे असते, आणि ती जाणीव शिकवावी लागत नाही. रंगाऱ्याच्या बिलातून कापलेले नऊशे रुपयेही आपले नव्हेत. ते काही दिवस आपल्या हातून जातात एवढेच. ते वेळेवर, नेमक्या नावाने आणि नोंदीसह पुढे गेले पाहिजेत, ही व्यापाऱ्याची जबाबदारी. आणि ज्याच्यावर कर निघत नाही त्याच्या घरी ते विनासायास परतले पाहिजेत, ही सरकारची. यंदाच्या हंगामात भिंतींना रंग देणाऱ्या हातांना पुढच्या चतुर्थीपूर्वी आपले पैसे परत मिळाले, तरच ही व्यवस्था न्यायाने चालली असे आम्ही म्हणू.